मुक्बिलची चार माणसं

आणि झिग्गीनं कॉफी पिऊन टाकली.

एका घोटात. तळाचा गाळसुद्धा सोडला नाही. मग मिशी पुसली, माझ्या बाबांकडे बघितलं आणि खोली दणाणेल अशा आवाजात म्हणाला, "वा! याला म्हणतात कॉफी! अजून आहे का?"

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. बाहेरच्या खोलीत कोचावर लेमुएलकाका आणि मानवेल आपापल्या कपाला हात न लावता ताठ बसले होते. शेजारी खुर्चीवर मुक्बिल. त्यानं डोळे मिटून घेतले. आणि माझ्या बाबांच्या चेहऱ्यावर त्या दुपारी पहिल्यांदाच हसू आलं. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. दुकानात घासाघीस करता करता एखादं गिऱ्हाईक आपल्याच बोलण्यात अडकलं की बाबा असेच हसायचे.

आमच्यात मुलगी मागायला मंडळी येतात, तेव्हा आलेली कॉफी प्यायची नसते. कप घ्यायचा आणि समोर ठेवून द्यायचा. मुलीचा बाप म्हणतो, कॉफी घ्या. मंडळींतला मोठा म्हणतो, आमचं एक मागणं आहे, ते पुरं झाल्याशिवाय तुमची कॉफी घेणार नाही. मग बाप म्हणतो, प्या, ज्यासाठी आलात ते दिलं. एवढं झालं की लग्न ठरलं. पण मागण्याआधीच कप रिकामा केला, तर त्याचा अर्थ पोरासोरांनाही कळतो. आम्ही नुसते पाहुणे म्हणून आलो होतो, काही मागायचं नाही, बसा आता गप्पा मारत.

बाबा मागे रेलून बसले.

"घ्या ना, अजून घ्या," ते म्हणाले. "तुमचंच घर आहे. मला उगाच वाटलं, काही काम काढून आलात. नुसतेच भेटायला आलात, बरं वाटलं. आता जेवूनच जा."

एवढ्या गोडीनं माझं लग्न मोडत होते ते!

*

माझ्या बाबांचं नाव मिल्हिम. थोरल्या मुलाचं, म्हणजे माझ्या भावाचं नाव अदीब, म्हणून सगळे त्यांना अबू अदीब म्हणायचे. दक्षिण लेबनॉनमधल्या एका खेड्यातून तरुणपणीच अमेरिकेत आले, कारखान्यात पट्ट्यावर गाड्या जोडल्या, पाठ गेल्यावर डिक्स रस्त्यावर किराणा दुकान टाकलं. मुलगी मागायची असली की आमच्या गल्लीतले लोक बाबांना पुढे घालून न्यायचे. पांढरा सदरा, इस्त्रीचा कोट, हातात जपमाळ. त्यांनी खाली ठेवलेला कप कुणी तसाच गार होऊ दिलाय असं कधी झालं नव्हतं. डिअरबॉर्नच्या आमच्या भागातली निम्मी लग्नं त्यांच्या जिभेवर जमली होती. आणि ते स्वतःही ते कुणाला विसरू देत नसत.

आमची गल्ली कारखान्याला अगदी खेटून. चिमण्यांतून लाल धूळ उडायची, ती खिडकीच्या चौकटीवर, पोर्चवर, दोरीवरच्या कपड्यांवर बसायची. पलीकडच्या चांगल्या वस्तीतल्या बायका दुकानात यायच्या आणि नाक मुरडून म्हणायच्या, तुमच्याकडे चादरीसुद्धा लाल होतात म्हणे. आई म्हणायची, "होतात ना. पण चादर आपली, दोरी आपली, अंगण आपलं." पुढे बोलायची त्यांची छाती नव्हती.

मुक्बिल येमेनचा. डोंगरातल्या गावचा. भट्टीवर कामाला होता. आमच्या मागच्याच रस्त्यावर येमेनी पोरांचं एक घर होतं. तिथे एकाची पाळी सुटायची तेव्हा दुसऱ्याची लागायची. येणारा गादीवर पडायचा आणि उठणारा कामावर जायचा. गादीला काही गार व्हायची सवड नव्हती. त्यांची बायकापोरं गावाकडे. आमचे लोक त्यांच्याशी मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, पण घरी बोलवायचं म्हटलं की मागे सरायचे. खोटं कशाला सांगू? आम्ही आधी आलेलो, आमच्या खिडक्यांना पडदे आलेले, आमच्या मुली हायस्कूलला. दहा वर्षं आधी बोटीतून उतरलेला माणूस मागून येणाऱ्याला लगेच परका म्हणतो. आमच्या लोकांची ही खोड मला कधीच आवडली नाही.

मी दुकानात गल्ल्यावर बसायचे. मुक्बिल रोज यायचा आणि एक कांदा घ्यायचा. एकच. बर्फ असो, वारा असो, पाळी संपली की अंघोळ करून, केस विंचरून हजर. पैसे ठेवायचा, कांदा उचलायचा, "बरं, येतो" म्हणायचा. आई सगळं बघत होती.

"काय रे पोरा," एक दिवस तिनं विचारलं, "तुम्ही घरात बारा-चौदा जण. एका कांद्यात भागतं?"

तो लाल झाला. भट्टीसमोर उभा राहणारा माणूस तो, पण आईसमोर लाल झाला.

"भागतं, मावशी."

"मग उद्यापासून सगळा हप्त्याचा माल एकदाच ने. रोज एवढी पायपीट कशाला?"

"नको मावशी," तो म्हणाला, "कांदे सडतात."

आई आत आली आणि पोट धरधरून हसली. मला म्हणाली, "येमेनी असला तरी मुलगा चांगला आहे. नीट खोटंसुद्धा बोलता येत नाही त्याला."

पुढचा पावसाळी शनिवार. मुक्बिल बाबांपुढे उभा राहिला. एकटाच. काय बोलायचं ते त्यानं पाठ केलं असणार, कारण एका दमात सगळं बोलला.

बाबांनी वर बघितलं नाही. डाळ पिशवीत भरत राहिले.

"भाजी घ्यायला आलास का?"

"नाही काका."

"मग मुलगी मागायला माणूस एकटा येतो का? तुमच्या डोंगरात काय चालतं मला माहीत नाही. इथे चार माणसं लागतात. वडीलधारी. ज्याच्यामागे चार माणसं उभी नाहीत, त्याच्या घरात मी माझी मुलगी देत नाही. उद्या तुझ्याकडून काही कमीजास्त झालं तर मी कुणाला जाब विचारू? तुझ्या कांद्याला?"

"माझी माणसं समुद्रापलीकडे आहेत, काका."

"मग मुलगीही तिकडचीच बघ."

आणि इथे त्याला खरंच कुणी नव्हतं. त्याचा बाप लहानपणीच गेलेला. राहत्या घरातले जे दोन जाणते येमेनी होते, त्यांनी साफ नाही म्हटलं. इथे मूळ धरलंस तर गावाकडच्या चुलीचं काय? लग्न करायचं तर गावी जाऊन कर, आम्ही नाही येत असल्या कामाला. बाबांना हे माहीत होतं. म्हणून तर चार माणसांची अट घातली. नाही म्हणायचं पाप नको आणि मुलगीही द्यायला नको. मी रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले. आणि मुक्बिल दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा आला, कांदा घेतला, आणि जाता जाता बाबांना म्हणाला, "पुढच्या रविवारी दुपारी येतो काका. चार माणसं घेऊन."

*

रविवारी आली ती ही मंडळी. त्याच्या पाळीवरची.

लेमुएलकाका अलाबामाहून आलेले, काळे, उंच, चर्चमधले मानाचे गृहस्थ. उन्हाळ्यातही टाय सैल न करणारे. मानवेल माल्टा बेटावरचा, बुटका, गोल, बारा मुलांचा बाप. झिग्गी पोलिश, मुक्बिलच्याच वयाचा, त्याला वडीलधारा म्हणणं म्हणजे गंमतच. पण दुसऱ्याचा कोट घालून, मिशीला तेल लावून आला होता. चौथा एक मेक्सिकन गडी यायचा होता, पण त्या सकाळीच त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. म्हणजे तीनच.

मुक्बिलनं आठवडाभर त्यांना शिकवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत, डब्याच्या झाकणांचे कप करून. हातात घ्यायचा, खाली ठेवायचा, प्यायचा नाही. मानवेलनं मला पुढे सांगितलं, झिग्गीला सगळ्यात आधी जमलं होतं म्हणे!

बाबांनी जेवूनच जा म्हटल्यावर झिग्गीनं एकेकाचं तोंड बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं. बिचाऱ्याचा चेहरा पडला.

"माझ्यामुळे?" तो म्हणाला. "अरे देवा. ऐका साहेब, मला याने सांगितलं होतं. शंभर वेळा सांगितलं होतं. पण बाई कप घेऊन समोर उभ्या राहिल्या, वाफ निघत होती... आमच्या घरी यजमानानं दिलेलं कुणी गार होऊ दिलं तर माझी आई लाटणं घ्यायची. हात आपोआप तोंडाकडे गेला. माझा गाढवपणा याच्या माथी मारू नका."

"गाढवपणा कसला?" बाबा म्हणाले. "रीतच आहे ती. प्यायलात, आम्हाला आनंद झाला. विषय संपला."

मग लेमुएलकाका उभे राहिले. चर्चमध्ये उभे राहत असतील तसे, दोन्ही हात समोर बांधून.

"मिस्टर मिल्हिम, माझा कप अजून भरलेला आहे," ते म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यात मी भट्टीच्या तोंडाशी कोसळलो. मेलोच असतो. या मुलानं मला पाठीवर घेऊन बाहेर आणलं आणि परत आत जाऊन माझं काम पूर्ण केलं. मी त्याला विचारलं, तुझे लोक कुठे असतात? तो म्हणाला, पाळीवर. त्याला आम्हीच आहोत. आम्ही तुमच्यातले नाही, तुमची रीत आम्हाला नीट येत नाही, ते तर तुम्ही आत्ताच बघितलंत. पण याच्याकडून काही कमीजास्त झालं तर या दारात मला बोलवा. मी येईन."

मला आजही ते शब्द आठवले की ऊर भरून येतो. कुठला अलाबामा, कुठला येमेन! त्या दिवशी मुक्बिलच्या सख्ख्या बापानंही याहून चांगलं काही म्हटलं नसतं.

बाबांनाही ते लागलं. त्यांची जपमाळ थांबली. पण ते तरबेज होते.

"चांगलं बोललात," ते म्हणाले. "तुमचा मान मोठा आहे. पण मी चार म्हटलं होतं. इथे तीन आहेत. आणि त्यातल्या एकानं कॉफी प्यायली. मी मनात आणलं तरी रीत माझ्या हातात नाही."

आई माझ्या शेजारून तीरासारखी बाहेर गेली. हातात कॉफीचं लांब दांड्याचं भांडं आणि एक कप. तिनं आधी झिग्गीचा कप पुन्हा काठोकाठ भरला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "आता याला हात लावशील तर बोटं मोडीन." मग आपला कप भरला, झिग्गीला सरक म्हणाली, आणि कोचावर त्याच्या शेजारी बसली. कप समोर ठेवून दिला.

"हा चौथा," ती म्हणाली.

बाबांचा आ वासलेला. "अगं, काय चाललंय? तू या बाजूची!"

"मी कुठल्या बाजूची ते मी ठरवीन."

"लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ता खोलीत आहेत तेवढेच. आणि ते काही म्हणत नाहीत, तुमच्याकडे बघतायत." मग तिनं भाषा बदलली. आमच्या गावाकडच्या बोलीत बोलायला लागली, पाहुण्यांना कळू नये म्हणून. "अबू अदीब, मला एक सांगा. मला मागायला आलात तेव्हा तुमच्यामागे कोण होतं?"

"ते आता कशाला?"

"असू दे. कोण होतं? तुमचा एक चुलता होता ना? दाढीवाला? लांबून, बफेलोहून आलेला?"

बाबा एकदम खोकायला लागले.

"फार कमी बोलायचा बाई तो चुलता," आई म्हणाली. "का बोलत नव्हता सांगा ना. तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं ना, हा आपल्या गावचा नाही म्हणून. मिशिगन अव्हेन्यूवरचा आर्मेनियन चांभार होता तो! कबूल करा. भाजलेल्या मटणाच्या एका ताटावर आणला होता तुम्ही त्याला."

मी दाराआड तोंडात टॉवेल कोंबला. तीस वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं! आणि तेवढ्यात खोलीत एक विचित्र आवाज झाला. मानवेल. त्याचं गोल पोट गदागदा हलत होतं. माल्टाचा ना तो. त्यांची भाषा म्हणजे आमच्या अरबीचीच लांबची बहीण, निम्मं तर त्याला कळत होतं. आणि ते निम्मंसुद्धा पुरेसं होतं.

"तुला... तुला कसं माहीत?" बाबांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"मला कसलं, माझ्या बाबांनाच माहीत होतं. ते त्याच्याकडेच बूट शिवायला टाकायचे. दारातून आत आल्या आल्या त्यांनी ओळखला. तुम्ही सगळे बसलात, कप खाली ठेवलेत. माझ्या बाबांनी त्या चांभाराकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं. आत येऊन माझ्या आईला म्हणाले, या मुलाला इथे कुणी नाही, तरी माणसांशिवाय आला नाही. एवढी लाज आहे त्याला. आणि बाहेर जाऊन म्हणाले, प्या."

आई थांबली. तिचा आवाज आता उतरला होता.

"त्यांनी मला उसन्या चुलत्यावर दिली. याच्याकडे तर खरी माणसं आहेत."

लेमुएलकाकांना एक अक्षर कळलं नव्हतं, पण ते उभेच होते. बाबा जमिनीकडे बघत होते. मला एकदम वाटलं की त्यांच्याजवळ जाऊन बसावं. इतक्या लोकांची लग्नं जमवणारा माझा बाप त्या खोलीत एकटाच एका बाजूला बसला होता.

"नुहाद," त्यांनी हाक मारली. "ऐकते आहेस ना दाराआड?"

"नाही!" मी म्हणाले.

झिग्गी सगळ्यात आधी हसला. मग सगळेच. बाबासुद्धा. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, कोट नीट केला, आणि ते रीतीनं ताठ बसले.

"कॉफी प्या, मंडळी," ते म्हणाले. "ज्यासाठी आलात ते दिलं."

चारही कप उचलले गेले. कॉफी पार गार झाली होती. बाबांनी झिग्गीकडे बोट केलं. "तुम्ही दुसऱ्यांदा पिताय. तेव्हा लग्नात दुप्पट काम करायचं."

त्यानं केलंही. खुर्च्या वाहिल्या, बकरं सोललं आणि आमच्या बायकांच्या घोळक्यात शिरून नाचला. काय नाचला!

*

पुढची वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही. जशी सगळ्यांची जातात तशीच गेली. मुक्बिलनं भट्टीवरच पेन्शन घेतली. दर रविवारी पोर्चवरची लाल धूळ पाण्यानं धुवायचा. एकदा आमची सगळी वस्तीच पाडून तिथे कारखाने आणायची टूम निघाली. शेजारचे किती तरी जण घर विकून गेले. मुक्बिल म्हणाला, "मी धुतलेला पोर्च आहे हा, मी नाही सोडत." नाहीच सोडला. मग लेबनॉनमधली लढाई सुरू झाली आणि गावंच्या गावं आमच्या गल्लीत येऊन उतरली. पाव्हण्यांना झोपायला जागा पुरेना. मुक्बिल आपली गादी द्यायचा आणि म्हणायचा, "पाळीनं झोपा. मला अनुभव आहे."

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. बाबा गेले आणि चार-सहा महिन्यांत कुणीतरी दारात आलं. मुलाचं लग्न जमवायचंय, मंडळींत मोठा म्हणून तुम्ही पुढे चला. मुक्बिल मागे बघायला लागला, दुसऱ्या कुणाला तर विचारत नाहीत ना म्हणून! मी त्याला बाबांचा कोट काढून दिला. खांद्यात जरा घट्ट होत होता. त्या दिवसापासून येमेनी असोत, लेबनीज असोत, नंतर आलेले इराकी असोत, मुलगी मागायची तर अबू शकीबला बोलवा. शकीब आमचा थोरला. ज्याच्यामागे एक माणूस नव्हता, तो आता सगळ्यांच्या पुढे चालायचा. मी खिडकीतून बघायचे. पाठमोरा, घट्ट कोटातला, मागे दहा-बारा माणसं. मला कशाचा गर्व असेल तर त्याचा. लपवत नाही.

निघायच्या आधी तो मंडळींना दारात थांबवून एकच गोष्ट बजावायचा, "कप खाली. कुणी झिग्गी होऊ नका." पोरांना तो शब्द इतका आवडला की सगळीकडे चालू झाला. परीक्षेत घाईनं चुकीचं लिहिलं, झिग्गी झाला. सिग्नल सुटायच्या आधी गाडी काढली, झिग्गी झाला. निम्म्यांना माहीतही नाही की झिग्गी म्हणून खराखुरा माणूस आहे आणि तो कुठल्याशा उपनगरात मुलीकडे राहतो.

लेमुएलकाका गेले तेव्हा त्यांच्या चर्चमधून निघालेल्या पेटीला मुक्बिलचा खांदा होता. मानवेलच्या पेटीलाही होता. दोन्ही वेळेला झिग्गी त्याच्या शेजारी होता.

आणि मग मुक्बिल गेला. झोपेतच गेला. त्या दिवशी शनिवार होता, पोर्च धुवायचा राहूनच गेला.

*

दुपारच्या नमाजेनंतर त्याच्या मयताची नमाज व्हायची होती. मशिदीच्या खालच्या हॉलमध्ये लोक जमले होते. मी एका बाजूला बायकांत बसले होते. मुली कडू कॉफी फिरवत होत्या. दुःखाच्या घरात आमच्याकडे साखर घालत नाहीत.

जिन्यावर ठक ठक ऐकू आलं. झिग्गी होता. नव्वदीला टेकलेला, काठीचा आधार घेतलेला, मिशी तेवढी शाबूत. मुलगी मागून त्याचा कोट धरून चालली होती. बायका-पुरुष असलं काही त्याला कळलं नाही, तो सरळ माझ्यासमोर येऊन खुर्चीवर बसला. धाप लागली होती. एक पोरगी कप घेऊन आली. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. थोडी सांडली.

आणि मग कंबरेतून वाकून, कण्हत, त्यानं तो कप माझ्या पायाशी जमिनीवर ठेवला.

पोरीला वाटलं, आवडली नाही. ती उचलायला वाकली. मी तिचा हात धरला. पलीकडच्या म्हाताऱ्यांनी ते बघितलं होतं. बोलणी थांबत गेली.

"झिग्गी," मी म्हणाले, "कॉफी घ्या."

"आज नाही," तो म्हणाला. "आज मला रीत पाठ आहे. माझं एक मागणं आहे. ते पुरं झाल्याशिवाय नाही घेणार."

मी त्या पोरीचा हात सोडला.

"तुमच्या गल्लीत माझ्या नावानं काय म्हणतात, मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्याने सांगितलंय मला. फोनवर सांगून हसायचा. हसू दे. पण नुहाद, मी त्याच्या चारांतला आहे. बाकीचे तिघे गेले, तुमची आईही. मला त्याला खांदा द्यायचाय."

शकीब पुढे आला. "काका, तुमचे गुडघे... जिना आहे, बाहेर बर्फ आहे. तुम्ही शेजारून चाला ना. पुरे आहे तेवढं."

मागे कुणीतरी कुजबुजलं. अलीकडेच आलेला, नीट कातरलेल्या दाढीचा, सगळं वाचून असलेला माणूस. म्हणाला, "पण ते आपल्या धर्माचे नाहीत, पेटीला खांदा आपल्यातल्यानं..."

मी उभी राहिले. माझेही गुडघे काही धड नाहीत, पण मी उभी राहिले.

"भाऊ," मी म्हणाले, "तुझं लग्न कुणी जमवलं?"

तो शेजारच्याकडे बघायला लागला.

"सांग की. कुणी कप खाली ठेवला होता तुझ्यासाठी?"

"अबू शकीबनं."

"आणि अबू शकीबसाठी कुणी ठेवला होता? ठेवला नव्हता, प्यायला होता, तो हा माणूस. आपल्यातला कोण, हे मला माझ्या नवऱ्याच्या पेटीपुढे शिकवू नकोस."

आईसारखाच आवाज निघाला माझा. मलाच ऐकू आलं. शकीबनं मान खाली घातली, पण तो हसत होता, रडता रडता.

मी झिग्गीकडे वळले. बाबा बसायचे तशी ताठ झाले.

"प्या," मी म्हणाले. "ज्यासाठी आलात ते दिलं."

मी स्वतः वाकून कप उचलला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं एका घोटात संपवला आणि तोंड वाकडं केलं.

"त्या दिवशीची चांगली होती," तो म्हणाला.

"त्या दिवशीची आईनं केली होती."

नमाज झाली. मशिदीचं दार उघडलं, थंडी आत आली. बायका तिथपर्यंत येत नाहीत, पण मी दारात जाऊन उभी राहिले आणि मला कुणी काही म्हणालं नाही. पुढे शकीब आणि झिग्गी, मागे माझा धाकटा आणि अदीबचा नातू. आमची पोरं अमेरिकन दूध पिऊन ताडमाड वाढलेली. झिग्गी वयानं निम्मा झालेला. त्यांनी पेटी उचलली आणि ती एका बाजूला कलली. झिग्गीचा खांदा खालीच राहिला. पेटीला लागलाच नाही. त्यानं टाचा उंचावल्या. तरी पोहोचेना. बर्फावर त्याचे बूट घसरायला लागले.

शकीबनं मागे बघून काहीतरी म्हटलं. मला ऐकू आलं नाही.

मग तिघांनीही गुडघे वाकवले. पेटी खाली आली, झिग्गीच्या खांद्यावर टेकली आणि सरळ झाली. आणि ते चौघं तसेच, तिघं वाकून आणि एक ताठ, मुक्बिलला गाडीपर्यंत घेऊन गेले.